'इन डायर स्ट्रेट्स' : एका वाक्प्रचाराचे अध्यापन

वरच्या प्राथमिक वर्गांत इंग्रजीच्या तासाला नवे वाक्प्रचार शिकविताना बहुधा एकच रीत अवलंबिली जाते. फळ्याच्या डाव्या बाजूस इंग्रजी शब्द, उजव्या बाजूस मराठी अर्थ, आणि मुले ती जोडी वहीत उतरवून घेतात. 'इन डायर स्ट्रेट्स' ह्या शब्दसमूहापुढे 'मोठ्या अडचणीत' असे लिहिले की पाठ पुरा झाला असे समजले जाते. दुसऱ्या दिवशी वाक्यात उपयोग करावयास सांगितला असता एक विद्यार्थी लिहितो, 'माझ्या पेन्सिलीचे टोक मोडले, म्हणून मी इन डायर स्ट्रेट्स आहे.' दुसरा लिहितो, 'राजूने खिडकीची काच फोडली, म्हणून तो इन डायर स्ट्रेट्स आहे.' व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाक्यांत दोष नाही. शिक्षकही पुष्कळदा दोहोंवर बरोबरची खूण करतात. वस्तुतः दोन्ही वाक्ये चुकली आहेत, आणि ती का चुकली ह्याचे उत्तर फळ्यावरच्या त्या जोडीत कोठेही नाही.

ते उत्तर शोधावयाचे तर प्रथम शब्दांची फोड केली पाहिजे. 'डायर' म्हणजे घोर, भयंकर. लॅटिन भाषेत ह्या शब्दाच्या मूळ रूपाला अशुभसूचक, भयावह असा अर्थ होता. 'स्ट्रेट' हा शब्द मुलांना अगदीच अपरिचित नाही. भूगोलाच्या पुस्तकात तो त्यांना 'सामुद्रधुनी' ह्या नावाने भेटलेला असतो. भारत व श्रीलंका यांच्यामधील पाल्कची सामुद्रधुनी त्यांनी नकाशात दाखविलेली असते. जिब्राल्टरजवळ युरोप व आफ्रिका एकमेकांच्या इतके जवळ येतात की मधला समुद्र सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे १४ किलोमीटरच उरतो. दोन बाजूंनी जमीन आणि मध्ये पाण्याची चिंचोळी वाट, हे चित्र नकाशावर बोट ठेवून दाखविता येते. इंग्रजीच्या तासाला भिंतीवर भूगोलाचा नकाशा लावण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी 'आवळणे, घट्ट बांधणे' ह्या अर्थाचा लॅटिन धातू आहे. इंग्रजीत पूर्वी 'स्ट्रेट' हे विशेषण अरुंद अशा कोणत्याही गोष्टीस लावीत. वाट अरुंद, दार अरुंद, अंगरखा अंगाला आवळणारा. त्यातूनच समुद्राच्या चिंचोळ्या वाटेला हे नाव मिळाले आणि त्यातूनच माणसाच्या अडचणीलाही. तेव्हा गलबत सामुद्रधुनीत अडकले म्हणून हा वाक्प्रचार निघाला अशी गोष्ट रचून सांगण्याचे कारण नाही. मुलांना गोष्ट आवडते हे खरे. परंतु येथे खरी हकीकतच पुरेशी चांगली आहे. समुद्राची वाट आणि माणसाची हलाखी ह्या दोन्हींना इंग्रजी माणसाने एकाच गुणावरून नाव दिले, आणि तो गुण म्हणजे हलावयास जागा नसणे.

येथे मराठी मुलाला एक आश्चर्य दाखविता येते. 'संकट' हा शब्द तो नित्य वापरतो. संस्कृतात 'संकट' ह्या विशेषणाचा अर्थ अरुंद, दाटलेला, आकुंचित असा आहे, आणि नाम म्हणून त्याचा एक अर्थ चिंचोळी वाट, खिंड असा आहे. म्हणजे 'संकट' आणि 'स्ट्रेट' हे दोन शब्द वेगवेगळ्या कुळांत जन्मले, पण दोघांनीही अरुंद वाटेवरूनच विपत्तीचा अर्थ घेतला. वेदांतील 'अंहस्' ह्या शब्दाचीही हीच कथा. त्याच्या मुळाशी आवळले जाण्याची कल्पना आहे, आणि त्याच मुळातून लॅटिनमार्गे इंग्रजीतील चिंतावाचक 'अँग्झायटी' हा शब्द निघालेला आहे. मराठीत एवढ्यावर भागत नाही. 'खोलीत फार अडचण झाली' असे म्हटले तर सामानाची दाटी झाली असा अर्थ होतो. 'घरात अडचण आहे' म्हटले तर निराळाच. 'तंग' हा शब्द फारसीतून आला. तेथेही त्याचा अर्थ अरुंद, आवळ असाच आहे. मराठवाड्यात निजामी अमदानीत १९४८ पर्यंत उर्दू ही दरबाराची व शिक्षणाची भाषा होती, त्यामुळे 'पैशाची तंगी' आणि 'हात तंग आहे' हे प्रयोग येथल्या खेड्यापाड्यांतही घरचेच वाटतात. 'कोंडी' हा शब्द तर अर्थ सांगावयासच नको इतका उघड आहे.

कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट ह्या जिल्ह्यातील पुष्कळ मुलांनी पाहिलेला असतो. त्या घाटात एखादी मालमोटार बंद पडली की मागे व पुढे वाहनांची रांग लागते; एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी, आणि वळून माघारी फिरावे तर तेवढीही जागा नाही. त्या रांगेत तासन्‌तास बसलेल्या मुलाला 'स्ट्रेट' म्हणजे काय हे कोशातून सांगावे लागणार नाही. मात्र त्या रांगेला 'डायर' म्हणता येत नाही, कारण उशिरा का होईना, वाट मोकळी होते. 'डायर' ह्या विशेषणाचे काम येथे सुरू होते.

हे काम समजावून देण्यास ह्या जिल्ह्याइतके सोयीचे ठिकाण दुसरे सापडणे कठीण. शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर देवगिरी ऊर्फ दौलताबादचा किल्ला आहे. शाळांच्या सहली तेथे दरवर्षी जातात. डोंगराचा खालचा भाग तासून सरळ भिंतीसारखा केलेला आहे, भोवती खंदक आहे, खंदकावरून जाण्यास अरुंद पूल आहे आणि त्यापुढे 'अंधारी' नावाचा खडकात कोरलेला काळोखा मार्ग आहे. मुलांना अंधारीतील वटवाघळांची आठवण अधिक राहते, हा भाग वेगळा. वाट अरुंद असावी हीच किल्ला बांधणाऱ्यांची इच्छा होती, कारण अरुंद वाटेवर शत्रूला गर्दी करून चढता येत नाही. पण जी वाट बाहेरच्यास आत येऊ देत नाही तीच आतल्यासही बाहेर पडू देत नाही.

१२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर अकस्मात चाल केली, तेव्हा रामदेवराव यादवाची मुख्य फौज युवराजाबरोबर बाहेर गेली होती. राजा किल्ल्यात शिरला. सुमारे ३०० वर्षांनंतर लिहिणाऱ्या फिरिश्ता ह्या इतिहासकाराने पुढील हकीकत दिली आहे. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती किल्ल्याच्या परिसरात पडलेली होती. ती धान्याची समजून घाईघाईने वर नेण्यात आली. युवराज फौजेसह परतला व लढला, पण त्याचा पराभव झाला. त्यानंतर किल्ल्यातील लोकांनी पोती उघडली, तो त्यांत मीठ निघाले. बाहेर शत्रू, मदतीची आशा संपलेली, आणि कोठारात धान्याऐवजी मीठ. अखेर रामदेवरावास मोठी खंडणी कबूल करून तह करावा लागला.

ह्या प्रसंगातील राजाची स्थिती म्हणजे 'इन डायर स्ट्रेट्स'. शिक्षकाने गोष्ट सांगून झाल्यावर वर्गास एवढेच विचारावे की, राजा नेमका कोणत्या क्षणी ह्या स्थितीत आला? शत्रू आल्याबरोबर की पोते उघडल्याबरोबर? मुलांचे दोन पक्ष पडतील आणि वाद होईल. तो होऊ द्यावा. किल्ल्यात शिरला तेव्हा राजा अडचणीत होता, परंतु त्याच्यापाशी अन्न आहे असे तो समजत होता आणि फौज येईल अशी आशा होती. म्हणजे दोन वाटा शिल्लक होत्या. एक वाट युवराजाच्या पराभवाने बंद झाली, दुसरी पोते उघडताच. त्यानंतर 'डायर' हा शब्द लागतो. कितीही मोठ्या अडचणीस हा वाक्प्रचार लावावा असे नव्हे. जवळचे साधन संपत आले आहे आणि मोकळी वाट दिसत नाही अशा अडचणीसच तो लावावा. त्यामुळेच तो पैशाच्या अभावाविषयी फार येतो. कर्जात बुडालेले कुटुंब, पगार देऊ न शकणारा कारखाना, पावसाअभावी पीक गेलेले गाव, ह्या सर्वांविषयी तो शोभतो. व्यक्तीप्रमाणेच संस्थेलाही तो लागतो.

आता पेन्सिलीचे वाक्य का चुकले हे उघड होईल. टोक पुन्हा काढता येते. थट्टेने असे म्हणता येईल, आणि इंग्रज लोक थट्टेने म्हणतातही. पण थट्टा ही अर्थ पक्का झाल्यावरची गोष्ट आहे. काच फोडणाऱ्या राजूचे वाक्य निराळ्या कारणाने चुकले. राजूने आगळीक केली आणि आता त्याला रागावले जाणार आहे. अशा प्रसंगासाठी इंग्रजीत 'इन हॉट वॉटर' असा स्वतंत्र वाक्प्रचार आहे. त्यात बहुधा स्वतःच्या चुकीमुळे वरिष्ठांच्या किंवा लोकांच्या रोषास पात्र होण्याची छटा असते. 'गरम पाण्यात' असे त्याचे भाषांतर केलेल्या वह्या तपासावयास येतात. त्या वाचून राजूने स्नान केले असावे असा समज होतो. झेपत नाही अशा कामात शिरून पाय टेकेनासे झाले तर 'इन डीप वॉटर'. मराठीत त्याच्या जवळचा 'नाकातोंडात पाणी जाणे' हा प्रयोग आहे. 'डायर स्ट्रेट्स'मध्ये मात्र दोष कोणाचा हा प्रश्नच नसतो. राजाने चूक केली असेल वा नसेल, पीक गेले ते शेतकऱ्याच्या आळसाने गेले असेल वा पावसाने दगा दिल्यामुळे. वाक्प्रचार त्याविषयी काही बोलत नाही. तो फक्त स्थिती सांगतो.

रचनेविषयी थोडक्यात. 'स्ट्रेट्स' हे रूप ह्या वाक्प्रचारात नेहमी अनेकवचनीच असते. अडचण एक असली तरी 'स्ट्रेट' असे एकवचन करू नये. सामुद्रधुनीच्या नावांतही इंग्रजीत पुष्कळदा असे अनेकवचन योजतात. मागे 'अ' हे उपपद लागत नाही. क्रियापद बहुधा 'असणे' किंवा 'स्वतःस त्या स्थितीत आढळणे' ह्या अर्थाचे येते. एखाद्या घटनेने कोणास ह्या स्थितीत 'सोडले', असेही म्हणतात. 'डायर'च्या जागी 'डेस्परेट' किंवा पैशाविषयी असल्यास 'फायनान्शियल' हे विशेषण चालते.

मराठीत भाषांतर करताना एकच ठरावीक शब्द देऊन भागत नाही, कारण मराठीत अडचणीच्या पायऱ्या फार बारकाईने पाडलेल्या आहेत. 'इकडे आड, तिकडे विहीर' म्हणजे दोन वाटा आहेत, पण दोन्ही वाईट. 'नाकी नऊ येणे' यात दमछाक आहे, सर्वनाश नाही. 'पाचावर धारण बसणे' ह्याचा आज मुले केवळ 'फार घाबरणे' एवढाच अर्थ सांगतात. धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव. रुपयास पाचच मापे धान्य मिळू लागले म्हणजे गोरगरिबांची गाळण उडे, अशी ह्या प्रयोगाची उपपत्ती सांगितली जाते. म्हणजे तो मुळात भीतीचा नसून भुकेचा प्रयोग आहे, आणि ह्या अर्थाने 'डायर स्ट्रेट्स'चा अगदी जवळचा नातलग ठरतो. 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हणही त्याच घरातली. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे साधारण दर ३२-३३ महिन्यांनी पंचांगात अधिक महिना धरावा लागतो. बारा महिने पुरविता पुरविता कणगी रिकामी झालेली असता मोजणीत आणखी एक महिना यावा, हे दुःख ज्याने धान्य मापून खाल्ले त्यालाच कळले. १९७२च्या दुष्काळात खडी फोडावयास गेलेली माणसे मराठवाड्यातील गावोगावी अद्याप आहेत. ही म्हण शिकविताना एखाद्या आजोबांस वर्गात बोलावून दहा मिनिटे बोलते केले तर पुस्तकातील स्पष्टीकरणाची गरज उरत नाही.

परंतु ज्या माणसांनी एवढे शब्द घडविले तीच माणसे स्वतःविषयी बोलताना त्यांतील एकही वापरीत नाहीत, हा ह्या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. दसरा-दिवाळी झाली की मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून आणि ह्या जिल्ह्यातील काही भागांतूनही, ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत नवरा-बायकोचा कोयता थांबत नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी बाप शाळेत येतो, दाराशी उभा राहतो आणि म्हणतो, "गुरुजी, पोरीला चार महिने घेऊन जातो. जरा अडचण आहे." गुरुजी म्हणतात, "बरं, परत आल्यावर पाठवा." हजेरीपुस्तकात कारण लिहिले जाते, 'घरगुती अडचण'. त्याच पानावर दुसऱ्या मुलाच्या नावापुढेही 'घरगुती अडचण' असते. त्याच्या मामाचे लग्न असते.

त्या बापाच्या 'जरा'चा अर्थ काय, हे 'डायर स्ट्रेट्स' नीट शिकविलेल्या शिक्षकास कळले पाहिजे. फळ्यावर त्याने स्वतःच सांगितलेले असते की, साधन संपले आहे का आणि दुसरी वाट उरली आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत. तेच दोन प्रश्न दाराशी उभ्या असलेल्या माणसास विचारावयाचे आहेत, मात्र त्याच्या भाषेत : "उचल किती घेतली? पोरीला आजीपाशी ठेवता येईल का?" ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कधी कधी 'येईल, पण आजीला दिसत नाही, स्वयंपाक कोण करील' असे येते. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना नेमक्या अशाच घरांकरिता आखली गेली. मूल गावातच राहावे, त्याच्या जेवणाची सोय व्हावी आणि शाळा सुटू नये, असा तिचा हेतू. पण 'घरगुती अडचण' ह्या दोन शब्दांवरून त्या मुलीचे नाव कोणत्याही यादीत जात नाही. खरे कारण लिहिले आणि मुख्याध्यापकांच्या कानावर वेळीच घातले, तर जाण्याचा संभव असतो. निदान ती जेथे जाईल तेथल्या शाळेत तिला बसता यावे म्हणून कागद हाती देता येतो.

ह्यातूनच अध्यापनाविषयी एक सूचना निघते. वाक्यात उपयोग करावयास सांगताना 'तुमच्या घरी अशी स्थिती कधी आली होती?' असे विचारू नये. ज्यांच्या घरी आली नाही ती मुले काहीतरी रचून लिहितात; ज्यांच्या घरी आता आहे ती मान खाली घालून बसतात, आणि शेजारचे मूल ते पाहते. राजाविषयी, कारखान्याविषयी, दुष्काळातील गावाविषयी लिहावयास सांगावे. एखाद्या मुलीने आपण होऊन आपल्या घराविषयी लिहिलेच, तर ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचू नये. त्याखाली बरोबरची खूण करावी आणि तास संपल्यावर तिच्याशी बोलावे.

स्वाध्यायासाठी पुढील सहा प्रसंग द्यावेत आणि कोणता इंग्रजी वाक्प्रचार शोभतो ते कारणासह विचारावे. धाकट्या भावाने आईची बांगडी हरवली आणि ती गोष्ट लपविली. गावची विहीर फेब्रुवारीत आटली आणि टँकर येणे बंद झाले. नव्या कारकुनाने न समजणाऱ्या हिशेबाचे काम अंगावर घेतले. बस चुकली, दुसरी अर्ध्या तासाने आहे. सहकारी संस्थेची ठेव बुडाली आणि सभासदांपाशी बियाणे घेण्यापुरतेही पैसे राहिले नाहीत. परीक्षेत एका मुलीचे पेन बंद पडले. ह्यांतील दोनच प्रसंगांस 'डायर स्ट्रेट्स' लागतो. पेनाचा प्रसंग मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण पेन्सिलीचे वाक्य लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास तेथे स्वतःची चूक स्वतः सापडते.

श्रुतलेखनात एक काळजी घ्यावी. 'सरळ' ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि हा शब्द यांचा उच्चार अगदी एकच आहे. लेखन मात्र भिन्न आहे. पहिल्यात न उच्चारली जाणारी दोन अक्षरे असतात, दुसऱ्यात ती नसतात. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे असे लोकही येथे चुकतात. मुलांना दोन्ही शब्द एकाखाली एक लिहून द्यावेत आणि सांगावे की, ज्यात जादा अक्षरे आहेत तो सरळ रस्ता, आणि ज्यातली अक्षरे गळून शब्द आखूड झाला तो अरुंद.